पहिलं पान

माझ्या दवाखान्यातल्या टेबलाच्या डाव्या खणात एक दोनशे पानी वही आहे. आमच्या दवाखान्यात झालेल्या चुका तिच्यात तारीखवार लिहिलेल्या आहेत. २०१३ च्या गुढीपाडव्याला मी ती सुरू केली, पण दुसऱ्या पानापासून. पहिलं पान सहा वर्षं कोरं होतं. त्यावर काय लिहायचं ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. लिहायला हात होत नव्हता. आज ते लिहिलेलं आहे, म्हणूनच हा लेख लिहू शकतो आहे.

एमबीबीएस झाल्यावर १९९१ साली मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दवाखाना टाकला. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, पडवीत दोन बाकडी. मंगळवारी बाजार. त्या दिवशी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून माणसं येत आणि पेशंटचा आकडा शंभराच्या वर जाई, कधी एकशेवीस. सकाळी नऊ ते दोन आणि संध्याकाळी पाच ते नऊ, असे नऊ तास मी बसत असे. म्हणजे माणशी साडेचार मिनिटं. त्यातच तपासणं, इंजेक्शन, ड्रेसिंग, चिठ्ठी, पुड्या. संध्याकाळची शेवटची एसटी गाठायची म्हणून लोक घाई करायचे आणि मीही. "डॉक्टरांचा हात चपळ आहे" असं लोक म्हणत. ते ऐकून मला बरं वाटायचं. माझ्या बहुतेक चुकांचं मूळ त्या चपळाईत होतं, हे कळायला मला वीस वर्षं लागली.

दवाखान्यात मदतीला एक बाई होत्या. सातवीपर्यंत शिकलेल्या, माझ्याच वयाच्या. सगळं गाव त्यांना मावशी म्हणतं, मीही म्हणतो. केसपेपर काढणं, औषधं देणं, लहान मुलांना धरणं, म्हाताऱ्यांना हात देऊन टेबलावर चढवणं, ही सगळी कामं त्यांची. पुढे जे सांगणार आहे त्यात तीन पेशंट आहेत, पण गोष्ट एकच आहे. ती मावशी आणि माझ्यामधल्या बोलण्याची, आणि न बोलण्याची आहे.

पहिली चूक २००४ मधली. सव्वा वर्षाचं बाळ, वजन दहा किलो, अंगात ताप. मी चिठ्ठीवर घाईत 'पॅरासिटामॉल ५ मिली, तीन वेळा' असं खरडलं आणि आईला तोंडी सांगितलं, "एक चमचा, दिवसातून तीनदा." माझ्या डोक्यात सिरप होतं. त्याच्या ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम औषध असतं आणि दहा किलोच्या मुलाला ते बरोबर बसतं. पण त्याच फळीवर त्याच औषधाचे ड्रॉप्सही होते. ते अगदी तान्ह्या मुलांसाठी घट्ट केलेले असतात, एका मिलीतच १०० मिलिग्रॅम. दोन्ही बाटल्यांवर औषधाचं नाव एकच. मावशींनी माझ्या अक्षरातलं नाव लेबलाशी ताडून पाहिलं आणि हाताला लागलेली बाटली दिली. ती ड्रॉप्सची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई परत आली. म्हणाली, "डॉक्टर, बाटली संपली. ताप उतरलाय, पण पोर काही खाईना, उलट्या करतंय. अजून एक बाटली देता का?" पंधरा मिलीची बाटली एका दिवसात संपली होती. बाटलीबरोबरचा ड्रॉपर तिने बाजूला ठेवला होता आणि चमच्याने औषध दिलं होतं, कारण मीच 'एक चमचा' म्हणालो होतो. तिने माझा शब्द न् शब्द पाळला होता. मी योजलेल्या मात्रेच्या चौपट, म्हणजे दीड ग्रॅम औषध त्या बाळाच्या पोटात गेलं होतं. पॅरासिटामॉल हे घरोघरी असणारं, निर्धोक समजलं जाणारं औषध आहे, पण जास्त झालं तर यकृत निकामी करू शकतं. त्यावर उतारा आहे, मात्र तो लवकर सुरू करावा लागतो. बाळाला मी लगेच जीपने सोलापूरला मोठ्या रुग्णालयात पाठवलं. यकृताच्या तपासण्या चांगल्या आल्या आणि तिसऱ्या दिवशी बाळ हसत घरी आलं.

पण बाळ सोलापूरच्या वाटेवर असताना मी काय केलं, ते इथे लिहायला हवं. पडवीत वीस माणसं बसलेली असताना मी मावशींना म्हणालो, "तुम्हाला वाचता येत नाही का? आपलं काम तेवढं तरी नीट करा." मावशी काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. चिठ्ठीवर मी सिरप की ड्रॉप्स ते लिहिलं नव्हतं. मिलिग्रॅम लिहिले नव्हते. बाळाचं वजनही लिहिलं नव्हतं. सारख्या नावाच्या दोन बाटल्या शेजारी शेजारी मीच ठेवायला लावल्या होत्या. चूक माझ्या हातून सुरू झाली आणि तिच्या शेवटच्या टोकाला ज्यांचा हात होता, त्यांच्यावर मी ती ढकलून दिली. त्याची किंमत चार वर्षांनी एका वेगळ्याच माणसाला मोजावी लागली.

२००८ मधला मंगळवार. पस्तिशीतला एक शेतकरी कमरेत उसण भरली म्हणून आला. "इंजेक्शन द्या डॉक्टर, उद्या ऊसतोड लावलीय." मी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन भरलं आणि दिलं. आधी कधी कशाचा त्रास झालाय का, हे विचारलं नाही. विचारायला पाच सेकंद लागतात. तो बाहेर बाकड्यावर टेकला आणि तीन-चार मिनिटांत पडवीतून ओरडा झाला. जाऊन पाहतो तर तो खाली कोसळलेला, अंगभर गांधी उठलेल्या, ओठ सुजलेले, श्वास घरघरतोय, नाडी हाताला लागत नाही. औषधाची तीव्र ॲलर्जी.

इथे माझ्या हातून दुसरी चूक झाली, आणि ती ज्ञानाची नव्हती. अशा वेळी पहिलं औषध ॲड्रिनलिन. मोठ्या माणसाला अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, आणि गरज पडली तर पाच मिनिटांनी पुन्हा. हे मला पाठ होतं, परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. पण हात गेला तो एव्हिल आणि डेक्साकडे, कारण रोजच्या खाजेला, रोजच्या दम्याला हात तिकडेच जायचा. कोसळलेला रक्तदाब आणि सुजलेला घसा या दोन औषधांनी मिनिटांत सावरत नाही. मला ॲड्रिनलिन आठवेपर्यंत मोलाची मिनिटं गेली. कपाटाच्या वरच्या फळीवर एकच ॲम्प्यूल होतं. त्यावरची मुदत चौदा महिन्यांपूर्वी संपली होती. दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून मी तेच दिलं आणि समोरच्या मेडिकलमधून नवं आणायला पोराला पिटाळलं. दुसरा डोस नव्या ॲम्प्यूलमधून गेला तेव्हा कुठे नाडी बोटाला लागली. तो माणूस वाचला. अजून दर दिवाळीला तो फराळाचा डबा घेऊन येतो. माझ्यामुळे आपण वाचलो, असं त्याला वाटतं.

त्या रात्री दवाखाना झाडता झाडता मावशी म्हणाल्या, "ते केसपेपर काढताना मला सांगत होते. मागं कुठंतरी कमरेला इंजेक्शन घेतलं तर गांधी उठून दम लागला होता म्हणून."

"मग मला का नाही सांगितलं?"

केरसुणी थांबवून त्या म्हणाल्या, "तुम्हीच म्हणाला होता ना, आपलं काम तेवढं करा."

चार वर्षांपूर्वीचं माझं वाक्य त्यांनी जसंच्या तसं जपून ठेवलं होतं. आमच्या दवाखान्यात माहिती नव्हती असं नाही. ती केसपेपरच्या खिडकीपर्यंत आली होती आणि तिथून माझ्या टेबलापर्यंतची दहा पावलं चालायला घाबरली होती. ती भीती मी घातलेली होती.

मी त्यांची माफी मागितली. इथून पुढे काहीही वाटलं तर बिनधास्त सांगा, असं सांगितलं. केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात 'काय सोसत नाही' असा रकाना लाल शाईने आखला. ॲड्रिनलिन आणून ठेवलं. आणि काम झालं, असं समजलो. समोरच्याला बोलायची मुभा दिली की झालं, असं मला वाटलं होतं. आपल्याला ऐकून घेता येतं का, हे मी स्वतःला विचारलंच नाही.

आता तिसरी.

२०१३ चा जानेवारी. मंगळवारच होता. रात्रीचे पावणेनऊ झाले होते आणि मी शटर ओढायच्या बेतात होतो. पलीकडच्या गल्लीतल्या वहिनी आल्या. वय ५४, नऊ वर्षांचा मधुमेह, माझ्याकडचेच उपचार. घरोबा इतका की संक्रांतीचे तिळगूळ दोन्हीकडून यायचे-जायचे. दारातच उभं राहून म्हणाल्या, "भाऊजी, दुपारपासून पित्त झालंय. इथं जळजळतंय, मळमळतंय, हातापायात त्राण नाही." त्यांनी हात ठेवला होता तो छाती आणि पोटाच्या मध्ये. "आज साबुदाणा खाल्लात का?" असं मी विचारलं. त्या "हो" म्हणाल्या. माझं निदान तिथेच पक्कं झालं.

मावशी त्यांच्या शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "डॉक्टर, ह्यांना घाम आलाय बघा. आत बसवू का?"

जानेवारीची रात्र होती. पडवीत लोक कानाला मफलर गुंडाळून बसत होते. त्या थंडीत त्या बाईंच्या कपाळावर घाम होता. मी म्हणालो, "चालत आल्यात ना, येणारच. नको, झालंच." खणातून पित्ताच्या गोळ्या काढल्या, उभ्या उभ्या हातात दिल्या आणि रात्री दूध-पोळी तेवढी खा म्हणून सांगितलं. नाडी पाहिली नाही. रक्तदाब घेतला नाही.

मधुमेह असलेल्या माणसाला, आणि त्यातही बाईला, हृदयविकाराचा झटका येतो तेव्हा छातीत कळ येईलच असं नाही. नुसती जळजळ, मळमळ, थकवा आणि घाम, एवढ्यावरही तो येऊन ठेपतो. हे मला माहीत होतं. छातीच्या तक्रारीचा पेशंट आला की दहा मिनिटांच्या आत ईसीजी काढावा, असा नियम आहे. ईसीजीचं मशीन माझ्या आतल्या खोलीत होतं. त्यावर कापड घातलेलं होतं आणि त्यातला कागदाचा रोल तीन महिन्यांपूर्वीच संपलेला होता. आज मागवू, उद्या मागवू, असं चाललं होतं. चघळायला द्यायची ॲस्पिरिन मात्र समोरच्याच बरणीत होती. एका गोळीला एक रुपयासुद्धा पडत नव्हता.

रात्री दोनला त्यांचा मुलगा दार वाजवत आला. मी पोचलो तेव्हा वहिनी गेलेल्या होत्या.

तेराव्याला मी पानावर बसलो होतो. वहिनींचे यजमान प्रत्येकाला सांगत होते, "डॉक्टरांनी वेळेवर औषध दिलं होतं हो. आमचंच नशीब." त्यांच्या तोंडून हे मी पाच-सहा वेळा ऐकलं आणि एकदाही अडवलं नाही. मनात एक वाक्य तयार ठेवलं होतं: तपासलं असतं तरी वाचल्याच असत्या असं नाही. सोलापूर साठ किलोमीटरवर, रात्रीची वेळ, रस्ता खराब. हे वाक्य खोटं नव्हतं. पण त्याच्या आड मी सहा वर्षं लपलो. त्या वाचल्या असत्या का, हा प्रश्न माझ्या हातातला नव्हता. त्यांना खुर्चीवर बसवून मनगट हातात घ्यायचं होतं की नाही, हा होता.

मावशींनी या वेळी सांगितलं होतं. २००८ मध्ये मी जे मागितलं होतं, ते त्यांनी केलं होतं. महिन्याभराने एकदा पाणी देता देता त्या एवढंच म्हणाल्या, "मी जरा जोरात बोलायला हवं होतं." या वाक्याने मला जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नाही. माझ्या चुकीचा वाटा त्या स्वतःच्या पदरात घेऊ पाहत होत्या, जसा मी पूर्वी तो त्यांच्या पदरात टाकला होता. मी म्हणालो, "मावशी, तुम्ही पुरेशा मोठ्यानं बोलला होता."

त्याच दिवसांत मी शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने केलेल्या यादीबद्दल वाचलं. ती तयार करण्यात पुढाकार होता तो अमेरिकेतले सर्जन अतुल गावंडे यांचा. त्यांच्या वडिलांचं मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यात, उमरखेड तालुक्यात. एकोणीस साधे मुद्दे असलेली ती यादी नवी दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत वापरून पाहिली गेली आणि २००९ च्या जानेवारीत निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं होतं. यादीतल्या एका मुद्द्यावर मी थांबलो. सुरी लावण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं. सर्जनने, भूल देणाऱ्याने आणि नर्सनेही. एकदा आवाज फुटला की पुढे काही चुकताना दिसलं तर माणूस गप्प राहत नाही, हा त्यामागचा विचार. माझ्या दोन खोल्यांत ऑपरेशन होत नव्हतं, पण आवाज मात्र एकट्या माझाच होता.

पाडव्याला वही घेतली. मावशींना समोर बसवून सांगितलं, "आजपासून एक शब्द ठरवू. तुम्ही 'डॉक्टर, थांबा' म्हणालात की मी हातातलं पेन खाली ठेवणार. पेशंटसमोर असलात तरी म्हणायचं. कारण नंतर सांगितलं तरी चालेल. आणि तुमचं म्हणणं चुकीचं निघालं तरी मी रागावणार नाही." पहिले दोन महिने त्यांच्या तोंडून तो शब्द निघाला नाही. मग एकदा अगदी हळू आला. मी पेन खाली ठेवलं. एका आजीबाईंच्या चिठ्ठीवर मी मागच्याच आठवड्यात बंद केलेली रक्तदाबाची गोळी पुन्हा लिहीत होतो. वहीतल्या दुसऱ्या पानावरची ती पहिली नोंद आहे.

नंतर आमचा दवाखाना हळूहळू बदलत गेला. लहान मुलाचं वजन केल्याशिवाय त्याला औषध लिहायचं नाही, आणि लिहायचं ते मिलीत आणि मिलिग्रॅममध्ये, दोन्ही. तापाचं औषध एकाच तीव्रतेचं ठेवायचं, दुसरी बाटली फळीवरच नको. चिठ्ठी छापील अक्षरांसारखी काढायची. आमच्या आचारसंहितेत २०१६ च्या दुरुस्तीने तसं स्पष्टच म्हटलं, की औषधाचं मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहा. औषध दिल्यावर पेशंटकडूनच वदवून घ्यायचं, "सांगा पाहू, घरी जाऊन कसं घेणार?" ही सवय मला त्या बाळाच्या आईने लावली. मी 'चमचा' म्हणालो होतो, तेव्हा तिला परत सांगायला लावलं असतं, तर तिने हातातली बाटली पुढे केली असती आणि मला ड्रॉपर दिसला असता.

इंजेक्शनं मी कमी केली. हे सोपं नव्हतं. आमच्याकडे सुई टोचल्याशिवाय औषध दिल्यासारखं वाटत नाही, आणि थकवा आला की सलाईन लावून घ्यायला माणसं स्वतःहून येतात. मी नाही म्हणू लागलो तसे बरेच जण दुसरीकडे गेले. मंगळवारचा आकडा सत्तरावर आला. उत्पन्नही त्याच बेताने उतरलं आणि घरात काही दिवस ओढाताण झाली. पण माणशी साडेचार मिनिटांची सात-साडेसात मिनिटं झाली, आणि त्या तीन मिनिटांत विचारायचं राहून गेलेलं विचारता येऊ लागलं. ज्याला इंजेक्शन द्यावंच लागतं त्याला अर्धा तास नजरेसमोर बसवतो. तातडीच्या औषधांचा एक ट्रे केला. दर महिन्याच्या एक तारखेला मावशी त्यातल्या प्रत्येक ॲम्प्यूलची मुदत वाचतात आणि सही करतात. ॲड्रिनलिन सगळ्यांत पुढे.

बाहेरून कुणीतरी हे तपासत असेल, असं लोकांना वाटतं. खाटा असलेल्या रुग्णालयांना महाराष्ट्रात १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्याखाली नोंदणी करावी लागते. माझ्यासारख्या एकही खाट नसलेल्या दवाखान्याला तो कायदा लागू होत नाही. वापरलेल्या सुया आणि बोळे कोणत्या रंगाच्या डब्यात टाकायचे, याचे २०१६ चे नियम मला लागू आहेत. पण माझ्या कपाटातलं ॲड्रिनलिन ताजं आहे का, ईसीजीत कागद आहे का, हे पाहायला इतक्या वर्षांत कुणी आलेलं नाही. गावातला माणूस पहिल्यांदा येतो तो अशाच दवाखान्यात. म्हणून ती तपासणी आमची आम्हालाच करावी लागते, आणि एकटा माणूस स्वतःची तपासणी करू शकत नाही. दुसरे डोळे लागतात.

वहीत आता साठच्या वर नोंदी आहेत. बहुतेक चुका पेशंटपर्यंत पोचण्याआधीच पकडलेल्या आहेत. एक नोंद सांधेदुखीच्या एका बाईंची आहे. शहरातल्या डॉक्टरांनी त्यांना मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायला सांगितलं होतं. त्या ते रोज घेऊ लागल्या होत्या. रोज घेतलं तर हे औषध रक्तपेशी घटवतं, तोंड आणि आतडी सोलून काढतं, जिवावर बेततं. त्या माझ्याकडे तोंड आलंय म्हणून आल्या होत्या, आणि मी जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहायला घेतल्या होत्या. मावशी म्हणाल्या, "डॉक्टर, थांबा. ह्यांची औषधांची पिशवी बघा." पेन खाली ठेवून मी पिशवी टेबलावर ओतली. दहा गोळ्यांची पट्टी सहा दिवसांत अर्ध्याहून जास्त संपली होती. तेव्हापासून प्रत्येक जुन्या पेशंटला आम्ही घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगतो.

हे सगळं चाललं होतं आणि पहिलं पान कोरंच होतं. मावशींनी एकदा विचारलं, "हे सोडलं का?" मी म्हणालो, "शाई उठत नव्हती त्याच्यावर." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांना कळलं होतं.

चूक कबूल करायला डॉक्टर का कचरतो, ते मला माहीत आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. तेव्हापासून 'तोंडाने काही मान्य करू नका' हा सल्ला आम्ही एकमेकांना देत आलो. डॉक्टरांवर हल्ले होतात, त्यासाठी महाराष्ट्राला २०१० मध्ये वेगळा कायदा करावा लागला. ही भीती खरी आहे. पण मला जे अडवत होतं ते कोर्ट नव्हतं आणि मारही नव्हता. वहिनींचे यजमान रस्त्यात भेटले की दोन्ही हात जोडून नमस्कार करायचे. तो नमस्कार गमवायची माझी तयारी नव्हती.

२०१८ च्या दिवाळीत त्यांचा मुलगा पुण्याहून आला होता. भाऊबिजेच्या दुपारी, दवाखाना बंद असताना, मी त्याला बोलावून घेतलं. लहानपणी त्याला गोवराच्या लशी मीच टोचलेल्या. म्हणालो, "त्या रात्री तुझ्या आईला मी तपासलं नाही. दारात उभं ठेवून पित्ताच्या गोळ्या दिल्या. त्यांना घाम आलाय, असं मावशींनी मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. तो हार्ट अटॅक असणार. मला ओळखता आला असता."

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "काका, तुमच्याकडे तर ईसीजीचं मशीन आहे."

"त्यातला कागद संपला होता."

"कागद?"

"हो."

तो उठला आणि चप्पल घालून निघून गेला. त्या दिवाळीला त्यांच्याकडून फराळ आला नाही, संक्रांतीला तिळगूळ आला नाही. यजमानांनी समोरून येताना मान वळवली. मी ते सोसलं, कारण ते रास्त होतं. मनावरचं ओझं उतरलं, असं मी म्हणणार नाही. ते उतरवण्यासाठी मी त्याला बोलावलंच नव्हतं. आईच्या मृत्यूची खरी हकीकत तिच्या मुलाची होती, आणि ती मी सहा वर्षं माझ्या खणात ठेवून घेतली होती. ती त्याला परत दिली, एवढंच.

पुढच्या मे महिन्यात, एका मंगळवारी, मुलगा वडिलांना घेऊन दवाखान्यात आला. मावशींनी केसपेपर काढला, रकाने विचारून भरले आणि दोघांना आत आणलं. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुलगा म्हणाला, "बाबांना चालताना दम लागतोय. ईसीजी काढा."

मी काढला. मशीनमध्ये कागद होता, कपाटात आणखी दोन रोल होते. पट्टी त्यांच्यासमोर टेबलावर पसरून मी काय दिसतंय आणि काय दिसत नाही ते समजावून सांगितलं, आणि पुढच्या तपासणीसाठी सोलापूरची चिठ्ठी दिली. जाताना कुणी काही बोललं नाही.

शटर ओढल्यावर मी वही काढली. मावशी झाडत होत्या. त्यांना म्हणालो, "बसा, मी लिहितो, तुम्ही बघा बरोबर आहे का." पहिल्या पानावर आज हे आहे:

'जानेवारी २०१३, मंगळवार, रात्री पावणेनऊ. स्त्री, वय ५४. मधुमेह ९ वर्षे. तक्रार: छातीच्या खालच्या बाजूस जळजळ, मळमळ, गळून गेल्यासारखे वाटणे. काय बघायला हवे होते: नाडी, रक्तदाब, साखर, ईसीजी. काय बघितले: काहीही नाही. घाम होता का: हो. कुणाच्या लक्षात आला: मावशींच्या. त्यांनी सांगितले का: हो. डॉक्टरांनी ऐकले का: नाही.'

मावशींनी ते दोनदा वाचलं. मग पेन मागून घेतलं आणि खाली सही केली.